घोट उतरल्यावर

"काहीतरी बोल," एल्स्पेथ म्हणाली.

लीअननं रिकामा पेला काउंटरवर ठेवला, वरून पाणी प्यायली आणि पोटावर हात टेकला. तिला सातवा महिना होता. "काय बोलू? बाळ रात्रभर लाथा मारतंय. बापावर गेलंय मेलं."

"बरं. उद्या ये. आणि काहीतरी खाऊन ये."

"सासू झालात बाई तुम्ही," असं म्हणत लीअन हसत बाहेर पडली.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या चढावरच्या त्या औषधाच्या दुकानात हे रोजचंच होतं. हेरॉइन सुटलेलं राहावं म्हणून मिळणारं ते हिरवं औषध एल्स्पेथच्या डोळ्यांदेखत प्यायचं, वर पाणी प्यायचं आणि दोन शब्द बोलायचे. औषध तोंडात धरून बाहेर नेऊन विकणारेही असतात. बोलणाऱ्याच्या तोंडात काही उरत नाही. सव्वीस वर्षं ती ही वाक्यं ऐकत आली होती. बहुतेकजण पावसाबद्दल बोलत, नाहीतर शनिवारच्या मॅचबद्दल. निवृत्त शिक्षक पिरी पाठदुखीच्या गोळ्यांचं व्यसन लागून इथवर पोचले होते. ते रोज एका नदीचं नाव सांगत. टॅम रॅट्रेचं मात्र वेगळं होतं.

आज गुरुवार. कपाटात टॅमच्या नावाची एकच बाटली उरली होती. मंगळवारी तो आला नव्हता, बुधवारीही नाही. सलग तीन दिवस चुकले की औषध थांबवायचं, असा नियम. शरीराची सवय मोडते आणि कालपर्यंत तारणारी मात्राच जीव घेऊ शकते. मग पुन्हा दवाखाना, पुन्हा अगदी थोड्यापासून सुरुवात. अठ्ठावन्नाव्या वर्षी, खोकून खोकून खिळखिळ्या झालेल्या छातीनं टॅम ते सगळं परत करील, असं तिला वाटत नव्हतं. त्याचा फोन बंद होता. दवाखान्यालाही काही ठाऊक नव्हतं.

साडेपाचला दुकान बंद व्हायचं. पावणेसहा झाले तरी तिनं दिवा मालवला नाही.

दाराची घंटी वाजली तेव्हा ती बोलूनच गेली, "किती हो उशीर, टॅम!"

दारात सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी उभी होती. अंगावर चांगला कोट, हातात दुकानाचं मळकं कार्ड.

"हे बाबांच्या खिशात सापडलं. टॅम रॅट्रे. सोमवारी रात्री गेले ते, झोपेतच. शेजारणीला काल कळलं." तिनं कार्ड काउंटरवर ठेवलं. "कळवायला हवं, असं वाटलं."

एल्स्पेथनं कपाटाकडे पाहिलं नाही. "बस ना, मोराग," ती म्हणाली.

"माझं नाव कसं माहीत तुम्हाला?"

पेशंटचं गुपित त्याच्या माघारीही गुपितच राहतं. मात्रा, तपासण्या, घसरलेले दिवस, यातलं काहीच ती सांगणार नव्हती. पण ती वाक्यं औषधात मोडत नव्हती. कुठल्याच कागदावर ती नव्हती.

मोराग बसली नाही. "एकोणीस वर्षं रोज इथं. माझ्या पदवीच्या समारंभालासुद्धा आले नाहीत. का, तर सकाळी इथं यायचं असतं. बांधून घातलं होतं तुमच्या ह्या हिरव्या पाण्यानं."

"त्या दिवसाचं औषध घरी न्यायची परवानगी मिळाली होती त्यांना. बाटली मी भरून ठेवली होती. नको म्हणाले. 'एवढ्या साहेबलोकांत माझं काय काम? पोरीला मान खाली घालावी लागेल.'"

मोराग कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिली.

"इथं औषध घेतलं की काहीतरी बोलावं लागतं," एल्स्पेथ म्हणाली. "पहिल्या दिवशी तुझ्या बाबांना काही सुचेना. शेवटी म्हणाले, 'पोरीचा दात पडला.' तेव्हापासून रोज तुझंच. मोराग दोन चाकांवर सायकल चालवते. मोरागला गणितात कमी पडले, मास्तरच गाढव आहे. मोराग गाडीच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाली. फाटकाचा खांब पाडला म्हणे."

"दुसऱ्यांदा," मोराग म्हणाली. "खांब आधीच वाकलेला होता." मग जरा वेळानं, "पण ते तर बोलायचेच नाहीत. रविवारी आजीकडे यायचे, खाली मान घालून सूप प्यायचे आणि जायचे. मी आजीशीच बोलायचे. ते ऐकतायत, असं कधी वाटलंच नाही मला."

"सोमवारी सकाळी सगळं इथं यायचं."

बाहेरून बस चढ चढत गेली. काचा थरथरल्या आणि थांबल्या.

"ह्या सोमवारी काय म्हणाले?"

एल्स्पेथला वाटलं, खोटं बोलावं. एखादं जुनं वाक्य काढून द्यावं. तिच्याकडे हजारो होती. पण ह्या काउंटरवर टॅम तिच्याशी खोटं बोलला नव्हता. घसरला तेव्हाही आपणहून सांगितलं होतं त्यानं.

"म्हणाले, 'काल आली नाही. कामं असतात तिला. मोठ्या हुद्द्यावर आहे.'" ती थांबली. "तक्रारीनं नाही म्हणाले. हुद्द्याचं दोनदा सांगितलं."

मोराग खुर्चीत बसली. एल्स्पेथनं सवयीनं नळाखाली पेला भरला आणि तिच्यापुढे ठेवला. मोरागनं दोन्ही हातांनी तो उचलला, लहान मुलं पितात तसं सगळं पाणी प्यायली आणि पेला परत ठेवला. एल्स्पेथ नुसती तिच्याकडे पाहत उभी राहिली, रोज सगळ्यांपुढे राहायची तशी.

"आजी गेल्यापासून सूप तेच करायचे," मोराग म्हणाली. "रविवारचं भांडं अजून त्यांच्या शेगडीवरच आहे. टेबलावर दोन वाडगे मांडलेले आहेत. दोन्ही कोरडे."

तिचा आवाज चिरकला. एल्स्पेथनं घाई केली नाही. काउंटरला वळसा घालून ती पुढे आली, दारावरची पाटी उलटी केली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. घोट उतरायला अजून वेळ होता.