निळी शिवण

ओहोटीला भाट्याची पुळण पाटासारखी कडक होते, म्हणून दीपाली गाडीचा सराव करायला तिथे गेली. वळणं घेता घेता भरती लागलेली तिला कळलीच नाही. सासऱ्यांच्या नव्या गाडीची चाकं ओल्या वाळूत रुतून बसली.

सासरे गंगाराम अण्णा. सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेलेली. चावी देताना त्यांनी बजावलं होतं, "एक ओरखडा उठला की चावी खुंटीला. मग तू नि तुझी रिक्षा!"

होड्यांपाशी बसलेले करीमचाचा माणसं घेऊन धावले. होडी ओढायचा जाड दोर गाडीला बांधला.

"तू आत बस गो बाय. चाक सरळ धर, घाबरू नको."

आणि सगळ्यांनी सूर धरला:

"चल गे लाडके, हैसा!
वाट बघतंय घर, हैसा!"

लाट चाकाला शिवायच्या आत गाडी वर आली. फक्त पुढचा बंपर एका बाजूने सुटून लोंबत होता. होडीला नाकापाशी बांधतात, तसाच चाचांनी दोर गाडीच्याही नाकाला बांधला होता!

"होडीचं नाक असं निघत नाय कधी," चाचा ओशाळले.

"होडी आणि गाडी एकच काय हो?" जाळं विणणारी त्यांची बायको ताजबी उठली. "सरा बाजूला." तिने दाभण तापवून बंपरला भोकं पाडली आणि जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने तो घट्ट शिवून टाकला.

चाचा हट्टाने दीपालीबरोबर घरी आले. "अण्णा, चूक माझी. दोर मी बांधला."

दीपाली म्हणाली, "पण भरतीकडे लक्ष नव्हतं ते माझं." तिने चावी अण्णांपुढे धरली.

अण्णांनी चावी घेतली. वाकून शिवण ओढून पाहिली. हलेना.

"ओढताना चाक कुणाच्या हातात होतं?"

"सूनबायच्या," चाचा म्हणाले. "समुद्र मागे, आम्ही पुढे बोंबलतोय, पण पोरीने चाक तसूभर हलवलं नाय."

अण्णा खुंटीपर्यंत गेले. तिथे अडकवलेली टोपी तेवढी घेतली, डोक्यावर चढवली आणि चावी दीपालीच्या हातात परत ठेवली.

"ओरखडा म्हटलं होतं मी. शिवणीचं काही बोललो नव्हतो. चल, गॅरेजला दाखवू. करीम, तूही बस मागे."

गाडी फाटकाबाहेर पडली तसे अण्णा म्हणाले, "बाजारातून घे गो. लोकांना बघू दे जरा."

चढ लागला. दीपालीने गिअर बदलला, आणि शेजारून अगदी हळू आवाज आला, "हैसा!"