ही तीच आहे का?

धाकटीने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि तिथे जॅमचा ठसा उमटला.

"ह्यात पण माझी पाठच आहे," ती म्हणाली.

तिच्या बाबाने शर्टाच्या बाहीने ठसा पुसला आणि पुढचा फोटो उघडला. त्यात ती खाली वाकून बुटाचा बंद बांधत होती. त्याच्या पुढच्यात अर्धा चेहरा दाराआड होता, त्याच्याही पुढच्यात ती रुसून भिंतीकडे तोंड करून बसली होती. रविवारची सकाळ होती. उद्या शाळेत 'मी अशी वाढले' नावाचा तक्ता न्यायचा होता. प्रत्येक वर्षाचा एक फोटो हवा, आणि चेहरा नीट दिसला पाहिजे, असं बाईंनी बजावून सांगितलं होतं. पहिली चार वर्षं भराभर मिळाली. घोडं अडलं ते पाचव्यापासून पुढे.

वास्तविक फोटोंच्या बाबतीत तो भलताच टापटिपीचा होता. एका वास्तुविशारदाकडे तो इमारतींचे आराखडे काढायचा, आणि ऑफिसातली ती शिस्त त्याने घरच्या कॉम्प्युटरलाही लावली होती. हजारो फोटो होते, पण एकदा नियम सांगून ठेवला की कॉम्प्युटर आपला आपणच ते निवडायचा. कागदपत्रांचे एका अल्बममध्ये, बांधकामांचे दुसऱ्यात, सहलींचे तिसऱ्यात. चेहरे ओळखायलाही त्याने शिकवलं होतं. 'सासूबाई, हसताना' असाही एक अल्बम होता. त्यात मोजकेच फोटो जमले होते, आणि त्या प्रत्येकात सासूबाई ज्याला हसत होत्या तो जावईच होता. बायको म्हणायची, ह्याच्या हातात दिलं तर हा घरातली माणसंही खणांतून लावून ठेवील.

आता तीच स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, मागच्या वर्षी हिचे पुढचे दोन्ही दात पडले होते, तेव्हाचा फोटो घे की. छान हसत होती त्यात.

त्याने शोधलं. तो फोटो नव्हता. वाढदिवसाचे होते, पण त्यांत फुगे होते, कापलेला केक होता, शेजारची मुलं टोप्या घालून उभी होती. जिचा वाढदिवस ती कुठेच नव्हती. तो मागे गेला, पुढे आला. तोंड फिरवलेली, मान खाली घातलेली, पाठमोरी अशी धाकटी गेल्या दोन-तीन वर्षांत पसरलेली होती. हसणारी एकही नव्हती.

"नाहीच काढलास तू," बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला वाटलंच."

ती परत आत गेली. पातेलं शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला.

'मला वाटलंच' हे त्याला लागलं, कारण ते फोटोंबद्दल नव्हतं. मागे एकदा बायको म्हणाली होती की तू धाकटीला हातभर अंतरावर ठेवतोस. तेव्हा तो चिडला होता. शाळेत सोडणं, आणणं, पाढे घेणं, नखं कापणं, काय करत नव्हता तो? पण तिचं म्हणणं वेगळंच होतं आणि ते त्याला कळत होतं. धाकटी रांगत त्याच्या पायांशी यायची तेव्हा तो तिला उचलून लगेच कुणाच्या तरी हातात द्यायचा. पुढे ती चालायला लागली आणि तो प्रश्नच मिटला. कॅमेरा हातात असला की मात्र तो तिच्याकडे हवा तितका वेळ बघू शकायचा. म्हणूनच त्याची खात्री होती. दात पडलेला तो फोटो त्याने काढला होता. एकच नाही, चांगले सात-आठ.

त्याने धाकटीला हात धुवायला पिटाळलं आणि नियमांची यादी उघडली. एकेक नियम तपासत तो खाली गेला. सगळ्यात शेवटच्यापाशी त्याचा हात थांबला.

त्या नियमाच्या अल्बमला त्याने नाव दिलं होतं, 'नंतर'.

थोरली गेली तेव्हा तिचं सहावं वर्ष सरत आलं होतं आणि धाकटी जेमतेम वर्षाची होती. साधा ताप म्हणून थोरलीला दवाखान्यात नेलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी बायको पुन्हा कामावर रुजू झाली. ती एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. एका म्हाताऱ्या गृहस्थांचे डोळे तपासत असताना टेबलावरचा तिचा फोन आपोआप उजळला. 'आठवणी', असं म्हणून त्याने थोरली दाखवली. अंघोळ करताना तिने साबणाच्या फेसाची दाढी लावली होती, आणि मागे कसलंसं आनंदी संगीत वाजत होतं. आता कुठली ओळ वाचू, असं त्या गृहस्थांनी दोनदा विचारलं. मग ते स्वतःच खुर्चीवरून उठले आणि त्यांनी तिला तिथे बसवलं.

त्या संध्याकाळी तिने त्याला एवढंच सांगितलं होतं.

"ती मला अशी अचानक नको दिसायला. मी ठरवीन, तेव्हा बघेन."

त्याने लगेच नियम केला. ज्या फोटोत थोरलीचा चेहरा असेल तो कुठेही दाखवायचा नाही. जुना असो नाहीतर नवा, थेट एका बंद अल्बममध्ये जाऊ द्यायचा. बायको ठरवील तेव्हा उघडता यावा, म्हणून त्याचं नाव 'नंतर'. पण तिने ठरवलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. तिने तर फोटो काढणंच सोडून दिलं. घरात थोरलीचं नाव निघेनासं झालं. धाकटीला मात्र सगळे धाकटीच म्हणत राहिले. मग थोरली कोण, असं एखाद्या नव्या पाहुण्याच्या ओठांवर यायचं, पण ते तिथेच थांबायचं.

त्याने अल्बम उघडला.

वरती थोरली कपड्यात गुंडाळलेली होती, चेहरा सुपारीएवढा. मग ती बसायला लागली. उभी राहिली, पडली, फेसाची दाढी लावून हसली. तीनचाकी सायकलवर बसली. त्याने या सगळ्यावरून घाईघाईने नजर नेली, कुणाच्या घरात चुकून शिरल्यासारखी. गॅलरीत टरबूज खाणारी थोरली आली. तो शेवटचा फोटो, हे त्याला पाठ होतं. त्याच्या पुढे काही नव्हतं.

पण पुढे फोटो होते. थोरली निळ्या फ्रॉकमध्ये झोक्यावर उभी होती. थोरलीने शाळेचा गणवेश घातला होता. थोरली वाढदिवसाच्या केकमागे होती, गाल फुगवून. मग तिचे पुढचे दोन्ही दात पडले होते आणि ती त्या खिडकीतून जीभ बाहेर काढून दाखवत होती. कॉम्प्युटरला तिची जन्मतारीख ठाऊक होती. त्याने आपला हिशेब चालूच ठेवला होता. फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: थोरली, वय अकरा.

क्षणभर त्याला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही.

मागे पावलं वाजली. बायको ओले हात पदराला पुसत उभी होती. अल्बम बंद करायला वेळ होता, पण त्याने तो केला नाही.

"काढले होते मी," तो म्हणाला. "ह्याला ती थोरली वाटली. हसली की वाटते."

तिने स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. बराच वेळ ती त्या दात पडलेल्या हसण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, पहिल्यापासून दाखव.

त्याने दाखवले. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती भलत्याच गोष्टी बोलत राहिली. ही चादर कुठे गेली, हे झबलं आत्याने शिवलेलं, गळा किती तंग होता त्याचा. ही कुंडी तेव्हा होती होय आपल्याकडे. मग फेसाची दाढी आली. तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"केवढं हसायची," ती म्हणाली.

मग धाकटीचे फोटो सोडवायला हवे होते. त्याची रीत सोपी होती. कॉम्प्युटर डावीकडे थोरलीचा चेहरा दाखवायचा आणि उजवीकडे एकेक फोटो, आणि खाली विचारायचा: ही तीच आहे का? त्याने दात पडलेल्या फोटोवर 'नाही' दाबलं. फोटो निघून गेला. केकचा गेला, गणवेशाचा गेला. प्रत्येक 'नाही'बरोबर थोरलीचं एकेक वर्ष मागे पडत चाललं होतं. अकराची दहा झाली. अजून थोडे दाबले की ती पुन्हा गॅलरीत टरबूज खात बसणार होती, आणि तिथून पुढे कुठे जाणार नव्हती.

त्याने माउसवरून हात काढला.

"मला नाही जमत," तो म्हणाला.

बायकोने माउस आपल्याकडे घेतला. तिचं बोटही बटणावर नुसतं टेकून राहिलं.

तेवढ्यात धाकटी आली आणि दोघांच्या मधून पुढे घुसली. तिने डावीकडच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग उजवीकडच्या.

"ही मी?" तिने डावीकडे बोट दाखवलं.

बायकोने माउस सोडला.

"नाही. ही तुझी ताई."

तो शब्द त्या खोलीत किती तरी वर्षांनी उच्चारला गेला होता. धाकटीला ताई असल्याचं माहीत होतं, आजीने कधीतरी सांगितलं होतं. पण तिने ताईला पाहिलेलं आठवत नव्हतं. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून तिने तिला बघून घेतलं.

"माझ्याहून लहान आहे," ती म्हणाली.

तुम्ही काय करताय, असं तिने विचारलं. बायकोने सांगितलं की तुम्ही दोघी ह्या कॉम्प्युटरला सारख्याच वाटता, त्याने गोंधळ केलाय, तो निस्तरतोय. धाकटीला हे फारच सोपं वाटलं. बाबाला उठवून ती खुर्चीवर चढली, गुडघ्यांवर बसली आणि कामाला लागली. ही मी, हा माझा झोका. ही ताई. ही पण ताई, हा कप आपल्याकडे नाहीये. ही मी, ह्या दिवशी मला उलटी झाली होती. तिचं बोट कुठे अडखळत नव्हतं. आईबाप तिच्या मागे उभे होते आणि फोटो आपापल्या घरी चालले होते. तक्त्याची कुणाला आठवण राहिली नाही.

मग तो फोटो आला.

गॅलरीत तो स्वतः उभा होता, डोक्यावर भरगच्च काळे केस. त्याच्या खांद्यांवर ती बसली होती. दोन्ही मुठींत त्याचे केस गच्च धरलेले, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. हसण्याने चेहरा थोडा हललेला होता. त्याचा हात नकळत आपल्या डोक्याकडे गेला, आता विरळ झालेल्या केसांपाशी. तेव्हा दुखलं होतं. खाली उतर, असं तो ओरडला होता, आणि थोरलीने आणखीच घट्ट धरलं होतं.

ही तीच आहे का, कॉम्प्युटरने विचारलं.

धाकटीचं बोट थांबलं. एवढा वेळ ती लगेच सांगत होती, आता सांगेना. तिने फोटोतल्या माणसाकडे बघितलं, त्याच्या खांद्यांकडे बघितलं.

"ही मी," धाकटी म्हणाली.

हे म्हणताना ती पडद्याकडे बघत नव्हती. मान वळवून ती बाबाकडे बघत होती. बोट 'नाही'वर टेकलेलं होतं, पण तिने ते दाबलं नव्हतं.

बायकोही त्याच्याकडे बघत होती. तो पडद्यावरच्या त्या दोन मुठींकडे बघत राहिला. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीची कडी वाजली.

"हो," तो म्हणाला. "तूच."

तिने बटण दाबलं. फोटो थोरलीच्या अल्बममधून निघून गेला आणि पुढचा आला. तो सोपा होता, थोरलीचा होता, पण धाकटीने त्याला हात लावला नाही. खुर्चीवर थोडीशी सरकून तिने एका बाजूला जागा केली.

खुर्ची तशी एकाच माणसाची होती. तो काही वेळ तिच्याजवळ नुसता उभा राहिला. मग वाकून त्याने तिच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि तिला उचललं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच जड होती.