खडूच्या खुणेवरचा ट्रॉम्बोन

जमिनीवर खडूने आखलेली बुटांची जोडी.

मेणाच्या तबकडीवर आवाज कोरताना निघणारा काळपट दोरा. तो सुईत अडकला, की सगळं पहिल्यापासून.

एक खुर्ची. तिच्यावर कोणी बसत नाही, तरी गावोगाव ती बँडबरोबर जाते.

म्हाताऱ्याच्या छातीत, श्वास घेताना, किटलीसारखी बारीक शिट्टी.

बोटभर उघडं दार.

पहिली तबकडी

"क्लॅरिनेटवाला तेव्हाही घाईत," मामा म्हणाला. "जेवायलाही तसाच बसायचा. गेलाही सगळ्यांच्या आधी."

भाची हसली. जुन्या तबकड्या साफ करून संगणकावर उतरवणं हे तिचं काम. मामाच्या बँडच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणायचे; त्याच्या बँडची ही अगदी सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज एका बंद पडलेल्या कंपनीच्या तळघरात सापडली होती. वाजवणाऱ्यांपैकी आता मामा एकटाच उरलेला. कोण कुठून वाजवतंय ते सांगायला तिने त्याला स्टुडिओत बोलावलं होतं. तो ट्रॉम्बोन घेऊनच आला. कशाला, विचारलं तर म्हणाला, घरी एकटा ठेवला की रुसतो.

तेव्हा मधोमध एकच माइक असायचा. कप्तान माणसं सामानासारखी मांडायचा: आवाज जितका मोठा, तितकी जागा लांब. ट्रम्पेट भिंतीशी, ड्रम गादीआड, आणि मामा थेट दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये. असं तोवर कोणी केलं नव्हतं. सूर सगळेच वाजवतात, कप्तान म्हणायचा, मला अंतर वाजवायचंय. प्रत्येकाच्या बुटांभोवती तो स्वतः खडू फिरवायचा.

दुसरी तबकडी

ट्रॉम्बोन लांबून आला, मऊ, धुक्यातून यावा तसा. आणि मध्येच एकदम मोठा झाला, कोणी खिडकीतून तोंड आत घालावं तसा.

मामाने मान खाली घातली. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. बाहेर बँड नीट ऐकू येईना, म्हणून मामा दाराकडे एक पाऊल सरकला होता. मेण तिथल्या तिथे वाजवून बघण्याची सोय नव्हती, वाजवलं की ते खराब व्हायचं; त्यावरून पक्क्या तबकड्या नंतर निघायच्या. कप्तानाने नुसत्या कानावर निकाल दिला: जागा सोडलीस, घरी जा. त्यानंतर मामाने कुठेच रेकॉर्डिंग केलं नाही. बँड एक रिकामी खुर्ची घेऊन गावोगाव फिरला; ती कोणाची, ते कप्तानाने कधी सांगितलं नाही. जन्मभर तो भेटेल त्याला एकच विचारत आला, ते एक पाऊल सोडलं तर माझं वाजवणं बरं होतं का?

आता त्याने तेच भाचीला विचारलं. छान होतं, ती म्हणाली.

"तू भाची आहेस. तुझं मत धरत नाहीत."

तिसरी तबकडी

ही मामाला काढल्यानंतरची. भाचीने ती सकाळीच ऐकली होती. मामाच्या जागी कोणीच नव्हतं. बँड हळू आवाजात मागे वाजत राहतो, आणि पुढे नुसती खरखर.

मामाने ते ऐकलं आणि काठी टेकत उठला.

"ती जागा माझी आहे. पुन्हा लाव. मी बाहेर उभा राहतो."

कॉरिडॉरमध्ये त्याने तिला बुटांभोवती खडू फिरवायला लावला. तिने काठी भिंतीला टेकवली, दार बोटभर उघडं ठेवलं आणि आत येऊन सुई टेकवली.

खरखर आली, आणि बाहेरून ट्रॉम्बोन. थकलेला, जागोजागी फाटलेला, मध्ये मध्ये श्वासाची शिट्टी. पण तसूभरही जवळ न येणारा. ती रिकामी जागा संपली तेव्हा स्पीकरमधून एक पुरुषी आवाज आला. सकाळी तो नव्हता.

"असंच. आता आत ये."

पावलं वाजली, एक जरा फरफटत. तिने दाराकडे पाहिलं. दार हललं नव्हतं. पावलं स्पीकरमध्ये होती. तिथेच खुर्ची सरकली, कोणीतरी श्वास घेतला, बारीक शिट्टी वाजली. मग अख्खा बँड उसळला, आणि ट्रॉम्बोन त्याच्या ऐन मध्यात, मोठ्याने, कोणाची भीड न ठेवता.

कॉरिडॉरमध्ये भिंतीला काठी होती. खडूचे बूट होते. मामा नव्हता, ट्रॉम्बोन नव्हता. तिने जिन्यापर्यंत जाऊन हाका मारल्या. परत येऊन सुई मागे नेली. या वेळी बँडच्या पुढे नुसती खरखर नव्हती.

मामाला घरी पाठवल्यावर, तिसऱ्या तबकडीच्या वेळी, ड्रमवाला दार लावायला उठला होता. कप्तानाने लावू दिलं नाही.