हलव्याच्या डब्यातल्या गोळ्या

हसू नका मित्रांनो. झाकणावर हलव्याचे चित्र आणि पोटात मधुमेहाच्या गोळ्या, असा मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या पेंबा बेटावर, वेटे गावात एका हलवायाने माझ्यात वेलचीचा हलवा भरला आणि एका लग्नाच्या निमित्ताने मी बी तातूंच्या, म्हणजे तातूबाईंच्या, घरी आलो. हलवा दोन दिवसांत फस्त झाला. पुढे मी बटणे सांभाळली, सुया सांभाळल्या. कोणी कौतुक केले नाही, पण अपमानही केला नाही.

तातूंना साखरेचा आजार निघाला, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गोळ्यांच्या एका पुडीवर सूर्य काढला, दुसरीवर चंद्र. एक सकाळच्या न्याहारीबरोबर, एक रात्रीच्या जेवणाबरोबर.

"गोळी घेतली की वेळेवर खायचंच," त्यांनी बजावले. "आणि रोजे धरायच्या आधी मला येऊन विचारायचं. मनानं काही करायचं नाही."

पुड्या माझ्यात आल्या. सूनबाई झुवेना मला कोरड्या, उंच फळीवर ठेवी, नातवंडांचा हात पोचणार नाही अशा जागी. तातूंची सारखी लागणारी तहान कमी झाली. माझी छाती अभिमानाने फुगली होती.

मग रमजान आला, आणि अक्कल शिकवायला शेजारच्या बी किदावा आल्या.

"नर्सला कशाला विचारतेस? ती रोजेच नको म्हणेल," त्या म्हणाल्या. "पहाटे आपण दिवसभराचं जेवून घेतो ना? मग दिवसाच्या गोळ्याही पहाटेच घ्यायच्या. दोन्ही एकदम!"

"काही होणार नाही ना गं?"

"माझा भाऊ असंच करतो. ठणठणीत आहे!"

भावाची गोळी कुठली, हे कोणी विचारले नाही. मी विचारले असते, पण मी पडलो डबा! अहो, ही गोळी म्हणजे काय भाताचा घास आहे? तातूंची गोळी रक्तातली साखर खाली ओढते. पोटात अन्न असो वा नसो, ती ओढतच राहते. आणि इथे दोन-दोन ओढत होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तातू ओसरीवर लवंगांचे देठ खुडत बसल्या होत्या. बोटे थरथरू लागली. अंगावरचे कपडे घामाने भिजले. मग त्या झुवेनाला आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारू लागल्या.

"उपासानं होतं असं," किदावा म्हणाल्या. "सूर्य मावळायला दोनच तास राहिलेत. पडून राहू दे."

माझ्या पत्र्याला कढ आले. झुवेनाने मला खाली काढले आणि सासूच्या तोंडापुढे धरले.

"आई, पहाटे किती घेतल्यात?"

तातूंनी दोन बोटे दाखवली.

झुवेनाने पाण्यात मूठभर साखर ढवळली.

"अगं, रोजा मोडशील त्यांचा! पाप लागेल!"

"लागू दे मला! कबरीत झोपून कसला रोजा धरणार आहेत त्या? व्हा बाजूला!"

तातूंना अजून गिळता येत होते, म्हणून बरे. घोट-घोट सरबत पोटात गेले, तशी नजर ठिकाणावर आली. तरी झुवेना थांबली नाही. या गोळ्यांनी उतरलेली साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून तिने त्यांना थेट दवाखान्यात नेले. रात्रभर तिथे ठेवून घेतले.

"विचारायला का नाही आलात?" नर्सबाई कडाडल्या.

"तुम्ही नाही म्हणाल, म्हणून," तातू पुटपुटल्या.

मशिदीतल्या शेखांनीही, म्हणजे मौलवींनीही, तातूंनाच सुनावले. आजाऱ्याला सूट आहे, रोज्याच्या बदल्यात रोज एका भुकेल्याला जेवू घाला, म्हणाले. म्हणजे वाट होती मित्रांनो! फक्त विचारायचे होते.

आठवड्याने किदावा पुन्हा दारात. "तातू, भावाच्या गोळ्या संपल्यात. तुझ्याकडच्या चार दे ना."

लाज म्हणून काही असते की नाही! पण तातूंनीच दोन्ही तळहात माझ्या झाकणावर दाबले.

"मीठ माग, देते. नारळ माग, देते. या माझ्या गोळ्या आहेत. त्याला नर्सबाईंकडे ने."

"आज?"

"आत्ता. चल, मी येते बरोबर."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्यातली गोळी कोणाची, कधीची आणि जेवणाआधीची की नंतरची, हे आज घरात विचारा. आम्ही डबे सगळे बघतो हो, पण ओरडता येत नाही.