कन्व्हर्टरला नारळ

मच्छे गावच्या गॅरेजात मंगलनं रबरी हातमोजे चढवले, इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची जोडणी काढली, मीटरवर शून्य येईतोवर दम धरला आणि विजेचा दाब बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधले दोन्ही जळके फ्यूज बदलले. झाकण आणायला ती वळली, तेवढ्यात गाडीमालक भरमूआप्पांनी कन्व्हर्टरच्या कडेवर नारळ फोडला. पाणी सगळं आत!

"आप्पा, मागं निपाणीच्या गॅरेजात फ्यूज बदलले तवा बी असंच केलासा काय?"

"व्हय की! नवे फ्यूज बसल्यावर नारळ नको? तरी जळलेच बघ."

मंगलनं कपाळावर हात मारला. "अवं, त्या नारळामुळंच जळले!"

आप्पांचा चेहरा खुलला. "मी तेच म्हणतोय! त्यो नासका निघालता. म्हणून तर ह्यो बेळगावातनं पारखून आणला."