हँडलावरची अर्धी रेघ

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावं, जागा भरपूर आहे. देवळात बुवा गाऊन गाऊन गोष्ट रंगवतात, तसा गळा देवानं मला दिला नाही. गोष्ट मात्र दिली, आणि तीही घरचीच. एका स्कूटरची, आणि ती चालवणाऱ्या एका बाईची. शेवटी तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. ते तेव्हा सांगेन.

आमची ही जुन्या स्कूटर तपासते. लोक मोडीतल्या गाड्या उचलतात, पत्रा ठोकतात, रंग मारतात आणि नटवून सजवून विकतात. त्या रंगाखाली काय दडलंय ते सांगणं हे हिचं काम. गॅरेजात गाडी आली की हिचे दोनच प्रश्न. ही स्वतःला जी म्हणवते तीच आहे का? आणि हिच्यावर माणूस बसवावा का? दोन्हींचं उत्तर हो आलं तरच शिक्का. गिऱ्हाईक पहिलं उत्तर कान टवकारून ऐकतं, आणि दुसऱ्याच्या वेळी त्याला नेमकी घरची कामं आठवतात. मी तिथे बॅटरी धरतो. धरता धरता एखादं भजन गुणगुणतो, आणि "अहो, उजेड तालावर हलतोय" हे ऐकून घेतो.

त्या दिवशी हिचे थोरले बंधू स्कूटर ढकलत घेऊन आले, बरोबर त्यांची लेक. दादांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. वहिनी, म्हणजे दादांची बायको, आजारपणात गेल्या त्याला काही वर्षं झाली होती. स्कूटर त्यांची. तेव्हापासून ती जिन्याखाली पोत्यांनी झाकलेली होती. आता लेकीला टेकडीपलीकडच्या दवाखान्यात नोकरी लागली, रोजचा रस्ता चढउताराचा. दादांनी गाडी बाहेर काढली आणि अख्खा हिवाळा खपून उभी केली. लेकीनं आईच्या गाडीवरून कामाला जावं, एवढंच त्यांना हवं होतं. शिक्का मिळायचा तेवढा बाकी होता.

"एकही भाग परका नाही, छोटे," दादा म्हणाले. हिचे केस पिकले तरी दादांना ही छोटीच. "टायर, ब्रेक लायनर आणि केबली नव्या घातल्या. बाकी सगळं तुझ्या वहिनीच्या हातचं. घासलं, पुसलं, पण बदललं नाही."

"टायर बदललेस हे उपकारच. सरक आता."

ही कामाला लागली. बोटांची पेरं पत्र्यावर वाजवत पुढून मागे गेली. पुट्टी भरलेला पत्रा बद्द वाजतो. हा सगळीकडे सारखा बोलत होता. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक कडेकडेनं फिरवलं, ते कुठेही सुटलं नाही. गाडी आडवी करून पोटाखालचे जोड पाहिले. कारखान्यातले वेल्डचे ठिपके सरळ रांगेत होते. सांगाड्यावरचा नंबर डोळ्यांनी पाहिला आणि मग अंगठ्यानं वाचला.

"आत्या, शिक्का कुठे ठेवलायस?" भाचीनं विचारलं. "मी शाई लावून ठेवते."

"वाळून जाईल. दम धर."

मग पुढचं चाक उतरवलं. चाक धरणारा आणि वर हँडलापर्यंत जाणारा जो वाकडा दांडा असतो, तो फोर्क. त्याच्या वाकणाशी हिनं रॉकेल चोळलं, जरा वेळ जाऊ दिला, फडक्यानं कोरडं केलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक काळपट रेघ उमटली. केसाएवढी बारीक, पण दांड्याला निम्मा वेढा घातलेली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपत होतं.

माझं गुणगुणणं थांबलं.

"फोर्क गेलाय," ही म्हणाली. "उतारावर करकचून ब्रेक लावला की इथून तुटेल."

"वेल्ड मारून घेतो."

"इथे वेल्ड चालत नाही. मग शेजारून तुटेल."

"बरं, मग गाडी अस्सल आहे एवढंच लिही. चालवण्याचं मी बघतो."

"तू काय बघणार? चालवणार ही पोरगी."

दादा स्टुलावर बसले. "लोकांच्या घड्याळांचे काटे मी रोज बदलतो. ती लोकांची. हे सगळं तिनं हाताळलेलं आहे, छोटे. यातला एकेक तुकडा भंगारात टाकत गेलो तर माझ्याकडे राहणार काय?"

"बाबा, राहू दे," भाची म्हणाली. "मी बसनं जाईन."

ते शब्द दादांना भेगेपेक्षा जास्त लागले. गाडी पुन्हा जिन्याखाली जाणार, हे तिघांनाही दिसत होतं.

चौथीचं, म्हणजे आमच्या हिचं, लक्षच नव्हतं. फोर्कच्या टोकाला चाक ज्यावर फिरतं तो आस ती मोजत होती. एकदा मोजला, पुसून पुन्हा मोजला. "अहो, वर या उजेड घेऊन." हँडलातलं मीटर काढून ती आत डोकावली आणि हसायला लागली.

"दादा, वहिनी नेलपॉलिश कशाला लावायची?"

"नखांना. आणखी कशाला लावतात?"

"आणि नटांना."

वहिनींची ती सवय हिला ठाऊक होती. नट आवळला की त्यावरून शेजारच्या भागावर एक आडवी रेघ ओढायची. रेघ सलग आहे तोवर नट जागेवर. रेघ तुटलेली दिसली की पाना घ्यायचा. दादांना वाटायचं, बाई गाडीवर बसून नखं रंगवते आणि सांडते. पण तिच्या हातचे डाग म्हणून त्यांनी ते पुसले मात्र नव्हते.

"हे बघ. हँडल फोर्कवर आवळतात ती ही जागा. ही गुलाबी रेघ हँडलावरून फोर्कवर सलग गेली आहे. तू फोर्क काढून परत बसवलास तो घड्याळजीच्या हातानं, रेघसुद्धा जुळवलीस. आता तिच्या शेजारची ही जुनी, डाळिंबी. हँडलावर अर्धीच आहे. उरलेली अर्धी फोर्कवर कुठे आहे?"

दादांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि कितीतरी वेळ पाहिलं. "नाहीच."

"ती जुन्या फोर्कबरोबर गेली. त्या सालच्या गाडीला बारीक आस यायचा, याचा जाड आहे. हा नंतरच्या गाडीचा फोर्क. वहिनीनं बदलून घेतला आणि तुला पत्ता लागू दिला नाही."

"एकदा म्हणाली होती," दादा सावकाश म्हणाले, "हँडल थरथरतंय, दाखवून आणते. परत आल्यावर मी विचारलं काय केलंस, तर म्हणाली, हात धुऊन घ्या, पानं वाढलीत."

"सांगितलं असतं तर जुना फोर्क तू घरी आणून उशाशी ठेवला असतास."

भाचीला हसू फुटलं. दादाही हसले, आणि भिंग पुसायच्या निमित्तानं डोळे पुसून घेतले.

"मग आता हिला अस्सल म्हणायचं कशाच्या जोरावर?"

"सांगाडा तोच, इंजीन तेच," ही म्हणाली. "आणि चालवायची रीत वहिनीची. झिजलं की बदललं. फोर्क बदल, मी शेरा लिहिते: आधी मालकिणीनं बदलला, नंतर मालकिणीच्या नवऱ्यानं."

दादांनी चांगला, सरळ फोर्क शोधून आणला. पुन्हा तेच रॉकेल, तोच खडू. पूड पांढरी ती पांढरीच राहिली. दादांनी तो स्वतःच्या हातानं बसवला आणि आवळला. भाचीनं पर्समधून बाटली काढली. रंग हिरवा, पोपटी म्हणावा असा.

"हा काय रंग झाला?" दादा म्हणाले.

"लांबून दिसतो, बाबा. आतोबा, बॅटरी जरा वर."

डाळिंबी अर्धी, गुलाबीही आता अर्धीच, आणि त्यांच्या शेजारी सलग हिरवी रेघ. आमच्या हिनं शिक्का उचलला आणि दोन्ही रकान्यांत ठणकावून मारला. सोमवारी भाची टेकडी ओलांडून दवाखान्यात गेली, आणि संध्याकाळी तशीच घरी परत आली. आता दर रविवारी दादा भिंग घेऊन त्या रेघेशी बसतात. काय बघता म्हटलं तर म्हणतात, सलग आहे.

तर आता माझं मागणं. घरी गेलात की आपल्या गाडीच्या नटांवरून एकदा हात फिरवा, सैल असेल तो आवळा. आणि आवळताना आमच्या वहिनींची आठवण काढा.