गाडी बरी आहे

गुंडाच्या पत्रात आईसाठी एकच प्रश्न असे : गाडी बरी आहे ना?

कार्डावर जागा पुष्कळ असायची. पण वर क्षेमकुशल, खाली सही आणि मधे गाडी. बाळीवेशीतली फुलाबाई शेजारच्या मास्तरांकडून ते वाचून घ्यायची आणि त्यांच्याच हातानं उलट कळवायची : गाडी बरी आहे. चार वर्षं एवढंच पुण्याहून येत होतं आणि एवढंच पुण्याला जात होतं. पुणं काही फार लांब नव्हे. रात्रीच्या आगगाडीत बसलं की सकाळी पोचतं माणूस. पण गुंडा आला नव्हता, आणि ये असं लिहायला फुलाबाईनं मास्तरांना कधी सांगितलं नव्हतं. लिहून बोलवावं लागतं ते पाहुण्याला.

गाडी म्हणजे मोटारसायकल. कोण्या साहेबानं विलायतेला जाताना एका ठेकेदाराला विकली, ठेकेदाराकडून गुंडानं घेतली. वर्षभरही तिच्यावर बसला नाही तोच पुण्याच्या मोटार कारखान्यात काम मिळालं. जायच्या दिवशी त्यानं ती पडवीत उभी केली, इंजिनाच्या डोक्यावरचा प्लग काढून भोक दाखवलं. "आई, दर शनिवारी हितनं चमचाभर त्याल सोडत जा. न्हायतर आत गंज धरंल."

मशिनच्या तेलाचा छोटा डबा ठेवून गेला होता तो. तीन महिन्यांत संपला. मग फुलाबाईनं घरातलं तेल घातलं. करडीचं, घाण्यापाशी स्वतः उभं राहून आणलेलं, पिवळंधमक. आमटीला कधी फोडणी मिळाली नाही, पण गाडीचा चमचा चुकला नाही.

आणि आता कार्ड आलं होतं : येत्या गुरुवारी येतो. एक रात्र राहीन.

फुलाबाईनं पडवी सारवली. गाडी पुसली. उगाच खात्री असावी म्हणून समोरच्या बाळासोला हाक मारली. बाळासो मिलमधला गडी, अंगानं दांडगा. त्यानं गाडी सुरू करायचा पायाखालचा दांडा दाबला. दांडा हलला नाही. तो वर उभा राहिला, तरी हलला नाही.

"फुलामावशी, ही गाडी न्हाय ऱ्हायली," तो घाम पुसत म्हणाला. "शनिवारी शनिवारी त्याल वतून तुमी हिचा मारुती केला की! आता रुईची माळ तेवढी घाला."

आजूबाजूची माणसं हसली. फुलाबाई हसली नाही. तिनं चपला घातल्या आणि तशीच विजापूर वेशीत शेखलालच्या दुकानात गेली.

शेखलाल सायकली दुरुस्त करी. कधीमधी एखाद्या डॉक्टरची, वकिलाची मोटारसायकलही त्याच्याकडे येई. चाळिशीचा माणूस, बोलणं कमी. बायको जाहिदा जाऊन दोन वर्षं झाली होती. दुकान घाईनं बंद करावं असं घरी काही उरलं नव्हतं, म्हणून त्याचं दुकान पेठेत सगळ्यात शेवटी बंद होई.

"आज शुक्रवार," फुलाबाई म्हणाली. "गुरुवारी पोरगं येतंय. चार वर्सं लिवून कळवलंय मी, गाडी बरी हाय. त्यानं एवढी एकच वस्तू माज्या हवाली केली रं. आता त्यो येऊन पाय मारंल आनि…"

शेखलालनं पान्यांची पिशवी उचलली.

पडवीत त्यानं इंजिनाचं वरचं झाकण उघडलं. आत काळोख. खिशातला छोटा आरसा काढून त्यानं अंगणातलं ऊन आत पाडलं. गंज तांबडा दिसतो. हे तांबडं नव्हतं. गुळाच्या कढईला तळाशी खरड बसावी तसं काहीतरी तपकिरी, चकचकीत. त्यानं तारेनं टोकरलं, नखावर घेतलं, नाकाशी नेलं.

वास ओळखीचा होता. शेखलालचे वडील मोटेच्या चामड्याला रोगण लावायचे. करडीचं तेल आटवून, घट्ट करून, वर उन्हात वाळवून. एकदा वाळलं की त्यातून पाणीसुद्धा पलीकडे जात नसे. इथे चार उन्हाळ्यांनी पत्र्याखाली तेच केलं होतं. चमच्या-चमच्यानं इंजिनातला वरखाली होणारा दट्ट्या भोवतालच्या नळीला चिकटला होता.

"काय झालंय रं आत?" फुलाबाई मागे उभी होती.

शेखलालनं नख पायजम्याला पुसलं. "गंज, मावशी."

"निघंल?"

"निघंल की. दोन-चार दिवस लागतील."

बेगम पेठेत लाकडाला पॉलिश करणाऱ्या माणसाकडून त्यानं बाटलीभर स्पिरिट आणलं, ते आत सोडलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर इंजिन काठोकाठ भरलेलं. पिवळं, ताजं तेल. स्पिरिटचा वास कुठल्या कुठे.

"मीच वतलं," फुलाबाई आतून म्हणाली. तिच्या आवाजाला आज जरा उभारी होती. "आज शनिवार न्हवं का. गंज धरला म्हनजे माजाच हात आखडला हुता. चमच्यानं काय व्हतंय? वाटीभर घातलं."

शेखलाल खाली बसला. हातातला पाना त्यानं एकदा या हातात घेतला, एकदा त्या हातात. मग जाहिदाशी बोलायचा तसा, खाली बघत, हळू बोलला. "मावशी, गंज न्हाय तो. हे तेलच हाय. करडीचं तेल वाळलं की डिंक होतो. मशिनचं तेल वेगळं असतं."

पडवीच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या.

"म्हंजे मीच बसिवली."

"तुमी जपलं, मावशी. तेल चुकलं."

"तुला काल ठावं हुतं?"

"व्हय."

"मग?"

"तोंडातून निघालं न्हाय."

फुलाबाई आत गेली. त्या दिवशी ती बाहेर आली नाही, रविवारी-सोमवारीही आली नाही. पाण्याचा तांब्या तेवढा उंबऱ्यावर ठेवलेला असे. शेखलालनं तेल काढलं, पुन्हा स्पिरिट सोडलं, इंजिनावर सोड्याचं उकळतं पाणी ओतलं, चिंध्या गुंडाळून ऊब धरून ठेवली. हातोडा त्यानं पिशवीतून काढलासुद्धा नाही. मागचं चाक उचलून धरायचं, गाडी गिअरमधे टाकायची, आणि चाक दोन्ही हातांनी पुढं लोटायचं, मागं ओढायचं. पुढं, मागं. काहीच हलत नसे. तरी थांबायचं नाही.

मंगळवारी सकाळी तो चाकापाशी बसला तेव्हा आत जातं सुरू झालं. आधी नुसतीच घरघर. मग तीन दिवस मुका असलेला तो आवाज दगडाच्या फिरण्यावर टेकत टेकत वर आला :

वाट पाहते, पाहते, उंबऱ्याला माझा हात
दूर गावाच्या लेकाची भाकर निवे ताटात

शेखलालचे हात न कळत त्या चालीत पडले. ओवी पुढे जाई तेव्हा तो चाक लोटी, वळून येई तेव्हा ओढी. भिंतीच्या अलीकडे तो, पलीकडे ती. एकमेकांना दिसत नव्हते. त्याच्या घरीही एक जातं होतं, दोन वर्षं कोपऱ्यात उलटं घातलेलं. कितव्या ओवीला कोण जाणे, चाक सुताभर पुढं गेलं. त्याला वाटलं, भास. पुन्हा ओढलं. गेलं! आत काहीतरी चुरचुरलं, दाताखाली पापड मोडावा तसं, आणि चाक मोकळं झालं.

"मावशी!"

जातं थांबलं. पिठाचे हात घेऊन फुलाबाई दारात आली. शेखलालनं चाक फिरवून दाखवलं. दट्ट्या आत खाली गेला, वर आला. श्वास परत यावा तसा भोकातून हवेचा सुस्कारा निघाला.

"चाललं," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसायला गेली आणि तोंडाला पीठच पीठ झालं. शेखलालला हसू आलं. तिलाही आलं.

बुधवारी त्यानं आतलं धुतलं, मशिनचं तेल भरलं, नवा प्लग लावला. गाडी धडाडली तेव्हा बाळासो दारात येऊन म्हणाला, "मारुतीराया उठलं की!"

गुरुवारी गुंडा आला. अंगानं भरला होता, टोपी बदलली होती. आईच्या पाया पडला आणि वाकलेला उठताना त्याची नजर पडवीकडे गेली. दुसऱ्याच लाथेला गाडी सुरू झाली. त्यानं कान लावून आवाज ऐकला, मूठ पिळली.

"झकास ठिवलीस आई! मला वाटलं हुतं बसलं असंल इंजिन."

फुलाबाई पुढे झाली. "गुंडा, बसलं हुतं रं. मीच चुकीचं त्याल…"

गाडीच्या आवाजात ते बुडालं. गुंडानं मान डोलावली, हसला, आणि मूठ आणखी पिळली. पडवीच्या टोकाला उभ्या शेखलालला मात्र ते ऐकू गेलं. फुलाबाईनं पुन्हा सांगितलं नाही.

जेवताना गुंडा म्हणाला, पुण्यात आता ऐसपैस खोली मिळाली आहे, खाली गाडीला जागा आहे. तेव्हा गाडी घेऊनच जातो. आईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

शुक्रवारी उजाडता उजाडता तो निघाला. शेखलाल वाटेसाठी तेलाची बाटली द्यायला आला होता. धूळ वेशीपर्यंत गेली, मग तीही खाली बसली. पडवीत चार वर्षं गाडीखाली राहिलेली जमीन तेवढी काळीभोर दिसत होती.

"शेखलाल," फुलाबाई म्हणाली, "आता पत्रात काय इचारंल रं त्यो?"

शेखलाल पायरीवर बसला. दुकान उघडायची वेळ झाली होती. तो उठला नाही.

"किती वेळ लागतो पुण्याला, ह्या गाडीनं?"

"रस्ता बरा असला तर दिवेलागणीला पोचंल."

"मधी काय काय लागतं?"

"आधी मोहोळ."

"मोहोळ. मग?"

"मग टेंभुर्णी. तितं नदीवर पूल. मग इंदापूर."

"सांग सावकाश," असं म्हणून ती खांबाला टेकून बसली. ऊन अंगणात उतरत होतं. गुंडा अजून मोहोळलाही पोचला नसेल.